अठ्ठावीस फुटी ट्रेलर, चाळीस फुटी शेड

ट्रेलर २८ फुटी आहे, मग ३० फुटांचं शेड का पुरू नये? मिनेसोटात किंवा विस्कॉन्सिनमध्ये घर घेतलेली, दोनचार उन्हाळे राष्ट्रीय उद्यानांत हिंडून आलेली आपली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. पाठोपाठ दुसराही येतो : शेड बांधतोच आहोत, तर एका बाजूला सुतारकामाची जागा करून घेतली तर काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. उलट ही जोडी छान जमते, आणि त्याचं कारण कॅलेंडरात आहे. मिनेसोटात मे ते ऑक्टोबर ट्रेलर बहुधा रस्त्यावर नाहीतर अंगणात असतो. तेवढे महिने त्याची जागा कार्यशाळेला मोकळी मिळते. हिवाळ्यात ट्रेलर आत येतो, कार्यशाळा आक्रसते, आणि नेमकी तेव्हाच ती गरम ठेवावी लागते. म्हणजे भांडण होतं ते जानेवारीत : ट्रेलर आत, माणूस आत, दार बंद, हीटर सुरू, करवतीचा भुसा उडतो आहे. म्हणून या प्रकरणातला नकाशा आपण जानेवारीसाठी काढणार आहोत. जुलैचं आपोआप जमतं.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. ट्रॅव्हल ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर असलेली ही खोली चाकांवर असते आणि पिकअप ट्रक तिला ओढून नेतो. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात. लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, पातळ भिंती, वर रबराचं नाहीतर प्लास्टिकचं आच्छादन, अशी ही हलकी बांधणी असते. ऊन रबर आणि टायर खातं, बर्फाचं पाणी सांध्यांत शिरतं, आणि एकदा भिंतीत ओल गेली की दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीशी बोलू लागतो. छप्पर हवं ते एवढ्यासाठी.

१. लांबी : उभा ट्रेलर आणि हलता ट्रेलर

मॉडेलच्या नावात २५ असेल तर ट्रेलर २५ फुटी, असं समजू नका. तो आकडा पुष्कळदा नुसत्या खोलीचा असतो. पुढे ओढण्यासाठी जो त्रिकोणी लोखंडी सांगाडा असतो, ज्यावर गॅसचे सिलिंडर बसवलेले असतात, त्याचे तीन-चार फूट वेगळे. मागे बंपर, शिडी, जादा चाक. टेप लावून टोकापासून टोकापर्यंत मोजलं की २५ चे २८ होतात.

आता हा ट्रेलर आत कसा जातो ते पाहू. ट्रक त्याला मागे ढकलत नेतो, म्हणजे ट्रेलरची पाठ आधी आत आणि जोड दाराकडे. पाठीमागे माणसाला फिरायला, शिडी लावून छपराचे सांधे तपासायला चार फूट. पुढे, जोड आणि बंद दार यांच्यामध्ये तीन फूट, कारण जॅक फिरवायला तिथे वाकून उभं राहावं लागतं. २८ + ४ + ३ = ३५. शेडचे खांब साधारण आठ-आठ फुटांवर येतात, त्यामुळे लांबी ३२, ४०, ४८ अशी ठरवणं सोयीचं. ३२ पुरत नाही, म्हणून ४०. ट्रक जोडलेला असतानाच दार लावता यावं असं काहींना वाटतं. त्यासाठी आणखी वीस फूट लागतील. हिमवादळात ट्रेलर सोडवायचे प्रसंग किती येतात याचा विचार करून मी तो मोह सोडून द्यायला सांगेन.

रुंदीचा हिशेब असाच, पण त्यात डावं-उजवं महत्त्वाचं. अमेरिकन ट्रेलरचं प्रवेशद्वार उजव्या अंगाला, फुटपाथच्या बाजूला असतं. वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या बहुतेक डाव्या अंगाला. बाहेर सरकणारा भाग, ज्याला सगळे स्लाइड-आउट म्हणतात, तोही बहुधा डावीकडे. स्लाइड तीन फूट आणि त्यापलीकडे चालायला दोन, असे डावीकडे पाच. उजवीकडे पायरी, उघडणारं दार आणि हातात सामान घेतलेला माणूस यांना मिळून पाच. ट्रेलरची रुंदी आठ. ५ + ८ + ५ = १८ फूट.

मग कार्यशाळा कुठल्या बाजूला? शेडच्या दारात आत तोंड करून उभे राहा. ट्रेलरचं नाक तुमच्याकडे आहे, त्यामुळे त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. कार्यशाळा तिथे, डावीकडे. हत्यारं घेऊन ट्रेलरमध्ये चढायला ते सोयीचं. आणखी एक फायदा असा की, मागे घेताना चालक ट्रकमध्ये डावीकडे बसलेला असतो. त्याला डाव्या आरशात बाहेरची भिंत सरळ दिसते. ज्या बाजूचं अंतर डोळ्यांनी मापता येतं त्या बाजूला पक्की भिंत ठेवावी, आंधळ्या बाजूला मोकळी जागा.

२. दाराची उंची ठरवतो रस्ता

एअर कंडिशनरसकट ट्रेलर ११ फूट उंच असेल तर १२ फुटी दार पुरेल असं वाटतं. सपाट जमिनीवर पुरतंही. पण शेडचा कोबा बर्फाचं पाणी आत येऊ नये म्हणून अंगणापेक्षा उंच असतो आणि दारापाशी चढ येतो. समजा चढ फुटाला एक इंच आहे. ट्रेलरची चाकं उंबऱ्याशी आली आहेत, आणि चाकांच्या मागे दहा फूट धड आत गेलेलं आहे. अजून सगळा ट्रेलर चढाच्याच रेषेत तिरपा आहे, म्हणून त्याची शेपूट १० × १ = १० इंच वर उचललेली असते. ११ फूट अधिक १० इंच. दाराच्या चौकटीच्या पातळीपर्यंत आत दोनच इंच उरले, आणि तेही टायरात हवा भरपूर नसेल तर. छपरावरची अँटेना दुमडायला कोणी विसरला की संपलं.

उपाय दोन. दारासमोर निदान बारा-पंधरा फूट कोबा सपाट ठेवायचा, किंवा दार १४ फुटी करायचं. पहिला स्वस्त आहे आणि तो करावाच. तरीही मी १४ फुटांच्या बाजूचा आहे, कारण मिनेसोटाच्या रस्त्यांवर वाहनाच्या उंचीची मर्यादा साडेतेरा फूट आहे. १४ फुटी दारातून कायद्याने रस्त्यावर येऊ शकणारा कुठलाही ट्रेलर आत जाईल : तुमचा पुढचा, किंवा घर विकलंत तर पुढच्या मालकाचा. रुंदी १२ फूट घ्या. ट्रेलर आठ फुटी असला तरी ओढताना पिकअपचे आरसे बाहेर काढलेले असतात, आणि तेव्हा ट्रक साडेआठ फुटांच्याही वर जातो.

वर गुंडाळत जाणाऱ्या दाराला चौकटीच्या वर रुळांसाठी जागा लागते. म्हणून १४ फुटी दारासाठी भिंत १६ फुटांची.

दार कुठल्या भिंतीत, हा प्रश्न अनेक नकाशांत सुटून जातो. पत्र्याच्या उतरत्या छपरावरचा बर्फ एकदम घसरून पन्हळीच्या बाजूला ढिगाने पडतो. दार त्या बाजूला ठेवलंत तर प्रत्येक थंडीत तो ढीग तुम्हीच उपसणार. दार त्रिकोणी भिंतीत, म्हणजे छपराच्या कण्याच्या टोकाला हवं. आणि जमलं तर दक्षिणेला, म्हणजे दारासमोरचा बर्फ सूर्य थोडाफार वितळवेल.

३. कार्यशाळा : एका प्लायवूडची वाट

कार्यशाळेचा आकार यंत्रांच्या मापाने ठरवायचा नसतो. त्यातून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या वस्तूच्या मापाने ठरवायचा. सुतारकामात ती वस्तू म्हणजे ४ × ८ फुटांचा प्लायवूड. टेबल-करवतीवर तो लांबीत चिरायचा असेल तर करवतीच्या अलीकडे आठ फूट, पलीकडे आठ फूट, मध्ये यंत्राचे तीन-चार, असे वीस फूट एका सरळ रेषेत मोकळे लागतात. बाकीची रंधायंत्रं, ड्रिल, कामाचा ओटा भिंतीला चिकटून राहू शकतात. ही एक वाट मात्र अडवता येत नाही.

आपलं शेड ४० × ४० धरू. ट्रेलरला १८ फूट दिले, २२ उरले. या २२ फुटी पट्ट्याचे दोन भाग करू : मागचे २४ फूट कार्यशाळेला, पुढचे १६ फूट थंड कोठाराला. कोठारात गवत कापायचं यंत्र, जादा टायर आणि बर्फ फेकायचं यंत्र. हे शेवटचं यंत्र पुढे, स्वतःच्या छोट्या दाराजवळ असलं पाहिजे, कारण ज्या सकाळी त्याची गरज पडते त्या सकाळी दुसरं कुठलंच दार उघडत नाही.

कार्यशाळा आणि ट्रेलरची जागा यांच्यामध्ये भिंत, आणि भिंतीत आठ फुटांचं सरकतं दार. करवत त्या दाराला लागून, दाराकडे तोंड करून बसवा. उन्हाळ्यात दार उघडलं की चिरलेला प्लायवूड ट्रेलरच्या रिकाम्या जागेत सरकतो आणि २२ फुटी कार्यशाळा ४० फुटी होते. हिवाळ्यात दारापलीकडे पाच फुटांवर ट्रेलरची कड. तेव्हा अख्खा प्लायवूड करवतीवर घ्यायचाच नाही. जमिनीवर थर्मोकोलची जाड लादी टाकून त्यावर हातकरवतीने त्याचे आधी दोन तुकडे करायचे. जानेवारीत मोठं कपाट बनवायला घेऊ नये, खुर्च्या कराव्यात. ही काटकसर मान्य नसेल तर शेड आठ फुटांनी रुंद करावं लागेल, आणि मग छपराच्या कैच्यांपासून पायापर्यंत सगळ्याच गोष्टी वाढतात.

भिंती १६ फूट उंच आहेत, पण कार्यशाळेला नऊ फुटांवरचं छत पुरतं. वर सहाएक फुटांचा पोटमाळा मिळतो. इथे एक चूक सर्रास होते : माळ्याची जमीन छपराच्या कैच्यांना टांगतात. कैची वरच्या बर्फाचा हिशेब करून बनवलेली असते. तिच्या खालच्या दांडीवर सामान ठेवायचं असेल तर ते तिला बनवतानाच सांगावं लागतं. माळ्याचं वजन भिंतींतून खाली जमिनीत उतरलं पाहिजे. २२ × २४ म्हणजे ५२८ चौरस फूट. राहत्या खोलीला धरतात तसा चौरस फुटाला ४० पौंड भार धरला तरी २१,००० पौंडांच्या वर जातो, म्हणजे साडेनऊ टन. कैचीला न सांगता एवढं टांगणार का?

४. खाली साचणारा वायू, वर जाणारा वायू

ट्रेलरची शेगडी, हीटर, कधी फ्रिजही प्रोपेनवर चालतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळला तर जमिनीलगत पसरतो, खोलगट जागेत साचतो. दुसरीकडे ट्रेलरची जुन्या धाटणीची, पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हा सर्वांत हलका वायू छताखाली जमतो. एकाच गाडीतले हे दोन वायू, एक तळाशी, एक माथ्याशी. म्हणून ट्रेलरच्या भागात झरोके खालीही हवेत आणि वरही. नुसता वरचा पंखा लावून समाधान मानू नका.

त्याहून सोपं म्हणजे वायूच आत न आणणं. हिवाळ्यासाठी ट्रेलर आत घेताना सिलिंडर काढून बाहेर, उघड्यावर, उभे ठेवावेत. बॅटरी काढून, पूर्ण चार्ज करून ठेवावी. उतरलेली बॅटरी उणे ७ सेल्सिअसच्या सुमारास गोठून फुटू शकते. पूर्ण चार्ज झालेली मिनेसोटाच्या कडाक्यातही गोठत नाही.

उरला भुसा आणि ठिणग्या. बारीक भुसा ट्रेलरच्या एअर कंडिशनरमध्ये, खिडक्यांच्या रबरात, फ्रिजच्या मागच्या जाळीत जाऊन बसतो. पुढच्या मेमध्ये पहिल्यांदा पंखा लावला की सगळ्या अंथरुणावर त्याचा थर. भुसा उगमापाशीच ओढून घेणारं यंत्र आणि बंद होणारं दार, दोन्ही लागतं. मधल्या भिंतीला ५/८ इंच जाडीचा, आगीला तोंड देणारा टाइप एक्स जिप्सम बोर्ड दोन्ही बाजूंनी मारा. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग या शेडमध्ये करूच नका असं माझं मत आहे. दारासमोर सपाट कोबा केला आहे ना, तिथे उन्हाळ्यात करा. आणि जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटतं. झाकणाचा पत्र्याचा डबा त्यासाठी ठेवतात.

५. पत्र्याला घाम

नवं शेड बांधलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली : छप्पर गळतं. वर चढून पाहावं तर एकही भोक नाही. पाणी बाहेरून आलेलंच नसतं. शिजत्या भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं तेच इथे होतं. ओलसर उबदार हवा वर जाते, थंड पत्र्याला लागते, आणि बाष्पाचे थेंब होऊन ट्रेलरवर ठिबकतात.

ओल येते कुठून? बर्फातून आलेला ट्रेलर आपल्याबरोबर बादल्यांनी पाणी आणतो. नवा कोबा महिनोनमहिने ओल सोडत राहतो. पण सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे तो स्वस्त, धुराडं नसलेला गॅस हीटर. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं : एक किलो प्रोपेनमागे सुमारे १.६ किलो. वीस पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा सिलिंडर शेडमध्ये जाळला की ९ × १.६ = साधारण १५ लिटर पाणी तुम्ही हवेत ओतलं. ऊब मिळाली खरी, पण मोठी बादली भरून पाणी छताला लावलंत. कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. म्हणून हीटर एकतर विजेचा, नाहीतर असा, जो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो.

आता किती जागा गरम करायची? अख्खं शेड ४० × ४० × १६ = २५,६०० घनफूट, छपराखालचा त्रिकोण सोडून. कार्यशाळा २२ × २४ × ९ = ४,७५२ घनफूट. पाचव्या हिश्श्याहून कमी. मिनीॲपोलिसची जानेवारीची सरासरी उणे नऊ सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे हा फरक दर महिन्याच्या बिलात दिसतो.

ट्रेलरला ऊब लागते का? नाही. नळ्यांतलं पाणी काढून त्यांत गुलाबी रंगाचं, न गोठणारं द्रव्य भरलं की ट्रेलर उणे तीसमध्येही सुखाने उभा राहतो. हे काम अर्ध्या दिवसाचं आणि काही गॅलनांचं. एवढ्यासाठी पाचपट जागा तापवत बसणं पटत नाही. तर ट्रेलरचा भाग पूर्ण थंड आणि हवेशीर, कार्यशाळा पूर्ण बंद आणि उबदार. दोन्हींच्या मधलं काहीतरी, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला थोडीशी ऊब सोडून द्यायची, हे सर्वांत वाईट. पत्र्याला घाम फुटतो तो त्याच अर्धवटपणात. मधल्या भिंतीत आणि कार्यशाळेच्या छतात भरपूर इन्सुलेशन, उबदार बाजूला प्लास्टिकचा पडदा, आणि सरकत्या दाराला रबराची कड. ही कड लोक विसरतात, आणि उंदीर मात्र विसरत नाहीत.

६. बर्फाचं वजन आणि गोठणारी माती

१२ डिसेंबर २०१० च्या पहाटे मिनीॲपोलिसमधल्या मेट्रोडोम स्टेडियमचं छप्पर बर्फाच्या भाराने फाटून खाली आलं. ते हवेच्या दाबावर तरलेलं कापडी छप्पर होतं. आपल्या शेडशी त्याचं नातं नाही, पण त्या राज्यात बर्फाला काय वजन असतं ते त्या सकाळी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दक्षिण मिनेसोटात जमिनीवरच्या बर्फाचा भार चौरस फुटाला ५० पौंड धरून बांधकामं करतात. छपरावर वारा थोडा बर्फ उडवतो, म्हणून तिथे साधारण ३५ धरतात. आपलं छप्पर १,६०० चौरस फूट. १,६०० × ३५ = ५६,००० पौंड, म्हणजे २५ टन. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त शेडचा आराखडा टेक्सासचा आहे की मिनेसोटाचा, हे याच आकड्यावरून विचारायचं.

वरचं ओझं पेलायला खाली पाया हवा, आणि इथली माती हिवाळ्यात स्वस्थ बसत नाही. माती गोठली की गोठलेला थर खालचं पाणी वर ओढून घेतो, बर्फाच्या चकत्या जाड होत जातात आणि वरच्या वस्तूला उचलतात. वसंतात माती पुन्हा बसते, पण सगळीकडे सारखी नाही. दोन-तीन वर्षांत दार चौकटीत अडकायला लागतं. उपाय म्हणजे खांबाचं बूड मातीच्या न गोठणाऱ्या थरात न्यायचं. मिनेसोटाच्या नियमांत ही खोली दक्षिणेत ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच आहे. अमेरिकेत ज्याला पोल बार्न म्हणतात ते खांबांवर उभं पत्र्याचं शेड इथे स्वस्त पडतं ते यामुळेच. सलग पाया खणण्याऐवजी आठ-आठ फुटांवर खोल खड्डे घेतले की भागतं.

खणण्याआधी ८११ ला फोन. हा क्रमांक २००७ पासून देशभर चालतो, पैसे पडत नाहीत, आणि माणसं येऊन गॅस, वीज, टेलिफोनच्या वाहिन्यांवर रंगाने खुणा करून जातात. मीटरच्या पलीकडे घरमालकाने स्वतः टाकलेल्या वायरी त्यांच्या यादीत नसतात. जुन्या मालकाने तळ्यातल्या पंपासाठी वायर पुरली असेल तर ती तुम्हीच शोधायची.

कोबा पाच इंच धरला तर १,६०० × ५/१२ = ६६७ घनफूट काँक्रीट, आपल्याकडच्या हिशेबात साडेसहा ब्रासच्या वर. तिथे ते घनयार्डात मोजतात, एका यार्डात २७ घनफूट. म्हणजे जवळपास २५ यार्ड, तीन ट्रक. खाली खडी, त्यावर जाड प्लास्टिक, नाहीतर जमिनीची ओल वर येत राहील.

आता एक बारकावा, जो कागदावर दिसत नाही. ट्रेलरच्या भागाला दाराकडे ढाळ हवा, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर जाईल. फुटाला १/८ इंच धरला तरी ४० फुटांत पाच इंच. कार्यशाळेची जमीन मात्र अगदी पातळीत हवी, नाहीतर चाकांवरची यंत्रं रात्रीतून जागा बदलतात. एक जमीन उतरती, शेजारची सपाट. दोन्ही मागच्या भिंतीपाशी एका पातळीत आणल्या तर दाराकडे येता येता त्यांच्यात पायरी वाढत जाते. म्हणून सरकतं दार मागच्या टोकाशी घ्या. तिथल्या आठ फुटांत फरक एकच इंच पडतो, लाकडाची उतरती पट्टी मारून तो मोडता येतो. याच कारणासाठी आपण कार्यशाळा मागे आणि कोठार पुढे ठेवलं. नकाशा काढणारा शहरातल्या कार्यालयात बसलेला असेल तर हे त्याला आपणहून सांगा.

७. तीस ॲम्पियरची फसगत

भारतात घरात येणारी वीज एकाच दाबाची, २३० व्होल्ट. अमेरिकेत घरात दोन जिवंत तारा येतात. कुठलीही एक तार आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, दोन्ही तारांमध्ये २४०. दिवे आणि मिक्सर १२० वर चालतात, कपडे वाळवायचं यंत्र २४० वर.

ट्रेलरचा ३० ॲम्पियरचा प्लग १२० व्होल्टचा असतो, म्हणजे ३० × १२० = ३,६०० वॉट. पण तीस ॲम्पियरचा तो जाडजूड प्लग पाहून, ट्रेलरशी कधी संबंध न आलेला इलेक्ट्रिशियन त्याला कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजतो आणि सॉकेटला २४० व्होल्ट जोडतो. ट्रेलर लावला की क्षणात चार्जर, मायक्रोवेव्ह, एअर कंडिशनर एकदमच जातात. ही फसगत अमेरिकेत इतकी जुनी आहे की ट्रेलरवाले ती एकमेकांना आवर्जून सांगतात, तरी होत राहते. सॉकेट बसलं की आधी मीटर लावून आकडा वाचा, मग प्लग. ५० ॲम्पियरच्या मोठ्या ट्रेलरचं वेगळं : त्यात दोन्ही जिवंत तारा येतात.

शेडला किती वीज लागेल? कार्यशाळेत एकच माणूस, त्यामुळे एका वेळी एकच मोठं यंत्र. तीन अश्वशक्तीची करवत १५ ॲम्पियर, भुसा ओढणारं यंत्र १०, पाच किलोवॉटचा हीटर २१, हे सगळं २४० व्होल्टवर. बेरीज ४६. ट्रेलरचे ३० धरले तरी ७६. शेडमधलं वेगळं १०० ॲम्पियरचं पॅनेल पुरून उरतं. ट्रेलरचं सॉकेट बाहेरच्या भिंतीला, जोडणीच्या बाजूला. आणि कोबा ओतण्याआधी त्याखालून एक जादा रिकामा पाइप टाकून ठेवा. त्याची किंमत जेवणाच्या बिलाएवढी. नंतर कोबा कापायचा तर हिशेब वेगळा.

८. कागद आणि ऋतू

सोळा फुटी भिंतीचं शेड शहराच्या हद्दीत बसेलच असं नाही. जोडइमारतीची उंची, क्षेत्रफळ आणि हद्दीपासूनचं अंतर यांवर प्रत्येक नगरपालिकेचे आपापले नियम असतात. वसाहतीची संस्था असेल तर तिचे आणखी कडक. काही संस्थांना पत्र्याच्या भिंतीच चालत नाहीत. सांडपाण्याचं शोषक्षेत्र आणि विहीर यांपासूनही अंतर ठेवावं लागतं. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या. उंची कमी करावी लागली तर ट्रेलरचा भाग उंच आणि कार्यशाळा त्याला टेकलेल्या बुटक्या पडवीत, अशी मांडणी होऊ शकते. पोटमाळा जातो, पण छपराचा डोंगर दिसत नाही आणि शेजारी तक्रार करत नाहीत.

जागा नक्की करायची ती ऑक्टोबरमध्ये, गवतावर. चारही कोपऱ्यांना खुंट्या, दोऱ्या, फक्कीची रेघ. मग खरोखर ट्रक जोडून ट्रेलर त्या रेघांमध्ये मागे घालून पाहायचा. ओक वृक्षाची फांदी, विजेचा खांब, रस्त्यावरून वळायला न पुरणारी जागा, हे नकाशावर कळत नाही. दार दहा अंशांनी फिरवावं लागेल हे फक्कीच्या रेघेवर समजलं तर बुटाने पुसून रेघ पुन्हा मारता येते.

हिवाळ्यात अर्ज आणि कैच्यांची मागणी. एप्रिलमध्ये काँक्रीट ओतायची घाई करू नका, कारण माती वरून वितळते आणि खालून गोठलेलीच राहते, रस्त्यांचीही तीच गत. म्हणून मिनेसोटात दर वसंतात अनेक रस्त्यांवर वाहनांच्या वजनावर बंधनं येतात, आणि भरलेला काँक्रीटचा ट्रक तीस टनांच्या घरात असतो. अर्धा भरून आणला तर तीनाच्या सहा खेपा, आणि प्रत्येक खेपेचे पैसे. तुमच्या भागातली बंधनं कधी उठतात ते राज्याचं परिवहन खातं जाहीर करतं. त्यानंतरचा आठवडा ठेकेदाराकडे आधीच सांगून ठेवा.